झोंबीपटाचा दुसरा भाग कसा पाहावा: वर्धा जिल्ह्यातल्या नवशिक्यांसाठी

भुताचा सिनेमा एकट्यानं पाहून, घाबरून, गुपचूप घरी येऊन झोपायचं असेल तर त्याला मार्गदर्शन लागत नाही. पुढच्या सूचना झोंबीपटाच्या दुसऱ्या भागाला चार-पाच जणांनी मिळून जाणाऱ्या आणि बाहेर आल्यावर पानठेल्यासमोर उभं राहून मत देणाऱ्या मंडळींसाठी आहेत. पहिल्या भागाला मत लागत नाही. पहिला भाग माणूस चुकून पाहतो: मे महिन्याच्या दुपारी, कूलरसमोर, हिंदीत डब केलेला, तोही अर्ध्यातून. दुसऱ्या भागाला मात्र तो जाणकार म्हणून जातो, आणि जाणकाराला गप्प बसायची सोय नसते.

पात्रता फार कडक नाही. पहिला भाग पाहिलेला असलाच पाहिजे असं नाही, पाहिल्यासारखं बोलता आलं की पुरे. त्यासाठी एवढं पाठ करून ठेवावं. जॉर्ज रोमेरो नावाच्या अमेरिकन माणसानं १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला आणि आज आपण ज्याला झोंबी म्हणतो तो तिथून चालू लागला. २००२ मध्ये डॅनी बॉयलच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’मध्ये तो धावू लागला. त्याचा दुसरा भाग ‘ट्वेंटी एट वीक्स लेटर’ २००७ मध्ये आला आणि ‘ट्वेंटी एट इयर्स लेटर’ २०२५ च्या जूनमध्ये. कोरियाचा ‘ट्रेन टू बुसान’ २०१६ चा, त्याचा पुढचा ‘पेनिन्सुला’ २०२० चा. मराठीत आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ ला लागला. हिंदीत ‘गो गोवा गॉन’ २०१३ ला आला; त्याचा दुसरा भाग २०२० च्या सुरुवातीला जाहीर झाला, तारीखही सांगितली गेली आणि ती तारीख कधीच उलटून गेली. न आलेल्या दुसऱ्या भागाबद्दल ‘नाही आला तेच बरं झालं’ म्हणणारे प्रेक्षक आर्वी-पुलगावकडे आहेत, पण ती फार पुढची पायरी आहे. नवशिक्यानं तिकडे वळू नये.

आता साहित्य. वर्ध्यातून नागपूर पाऊणशे किलोमीटर. मोठ्या पडद्यावर इंग्रजी झोंबी पाहायचा तर बहुतेकांना तिकडेच जावं लागतं, म्हणजे गाडी आली, पेट्रोलची वर्गणी आली आणि वर्गणी न दिलेल्या एकाचं तोंड येता-जाता गप्प ठेवायची जबाबदारीही आली. बरोबर गोरसपाकाचा पुडा घ्यावा. गोरस भांडाराच्या तुपातल्या त्या बिस्किटाला अंधारात चघळताना आवाज होत नाही, हा गुण झोंबीपटात फार महत्त्वाचा. तिकडच्या मक्याच्या लाह्या ऐन शांततेत कुरकुरतात आणि पडद्यावरच्या बाईला झोंबीनं ऐकलं की आपल्याला, असा संशय येतो.

तंबाखू-सुपारीचा खर्रा अर्थातच नेता येत नाही. दारावर खिसे चाचपतात, आणि कागदोपत्री तर तो राज्यातच बंद आहे. तरी तो आत पोहोचतो. त्याचा एक उपयोग मात्र कुठल्याही समीक्षकानं अजून नोंदवलेला नाही. खर्रेवाला माणूस पन्नीतला माल अंगठ्यानं सतत मळत असतो. पन्नीची ती बारीक चुरचुर त्याच्या श्वासाइतकी नियमित असते. पडद्यावर दिवा लुकलुकतो, कोणीतरी तळघराच्या पायऱ्या उतरू लागतं, आणि डाव्या हाताची चुरचुर एकदम थांबते. त्या क्षणी समजावं, दिग्दर्शकाला काम जमलं. सिनेमा संपल्यावर हाच माणूस ‘काहीच भेव नाही वाटलं बाप्पा’ म्हणणार असतो. त्याला पन्नीबद्दल बोलू नये. आपलंही कोणी काहीतरी ऐकलेलं असतं.

ओरडण्याचे नियम सोपे आहेत. दचकल्यावर जो आवाज निघतो तो पूर्ण होऊ द्यायचा नाही. अर्ध्यातच त्याचं शिवीत किंवा हसण्यात रूपांतर करायचं. हे सरावानं येतं. दुसरं, पात्र मरायच्या आधी ‘हा मरते पाय आता’ असं जाहीर करायचं. दुसऱ्या भागात हे अवघड नाही. पहिल्या भागातून जिवंत आलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत मारून टाकायचा, म्हणजे प्रेक्षक सावध होतात, असा लेखकांचा ठोकताळा असतो. दर वेळी अंदाज बरोबर निघाला तर शेजारचा चिडतो, म्हणून एखादा मुद्दाम चुकवावा. तिसरं, पुढचं कथानक आपल्याला आधीच माहीत असेल तर ते सांगण्यापूर्वी ‘सांगू काय?’ असं विचारायचं. उत्तराची वाट पाहायची प्रथा नाही.

एक विनोद मात्र कायमचा वर्ज्य समजावा: मेलेल्याला उठवून पुन्हा चालवणं म्हणजे झोंबी, आणि मेलेल्या सिनेमाला उठवून पुन्हा चालवणं म्हणजे दुसरा भाग. तो सगळ्यांनी करून झाला आहे. दारूबंदीचाही करू नये. पन्नासेक वर्षांपासून कोरड्या असलेल्या जिल्ह्यात रात्री दहानंतर हात पुढे करून झोकांड्या खात येणारा माणूस दिसला तर त्याला झोंबी समजू नये, तो शेजारीच असतो. (केला. पण तुम्ही करू नका.)

आता मुख्य भाग.

नवशिक्याला वाटतं, प्रतिक्रिया म्हणजे आपल्याला काय वाटलं ते. वर्ध्यात तसं नाही. इकडचा मुरलेला प्रेक्षक झोंबीला घाबरत नाही आणि त्याचं कौतुकही करत नाही. तो व्यवस्थेवर नाराज असतो. पडद्यावर देश बुडालेला असतो, माणसं माणसांना फाडत असतात, आणि हा खुर्चीत सरकून म्हणतो, ‘अबे, त्या दरवाज्याले कडी कोणत्या बाजूनं हाय?’ हीच खरी प्रतिक्रिया. बाकी सगळी सजावट.

कारंजा-आष्टीकडच्या शेतकऱ्याला घेऊन सिनेमा पाहा, मग कळेल. रानडुक्कर आणि रोही रात्रीतून एकरभर तूर लोळवून जातात म्हणून तो मचाणावर जागल करतो. बोरच्या जंगलाच्या बाजूला असेल तर तिथं वाघही आहे. एवढं सगळं सांभाळून सकाळी तो कपाशीला खत द्यायला जातो. असा माणूस ‘ट्वेंटी एट इयर्स लेटर’मधल्या गावाचं तटबंदीचं फाटक, टेहळणीचा मनोरा, धनुष्यबाण घेतलेली माणसं हे सगळं नीट पाहून घेतो आणि विचारतो, ‘झटका मशीन नाही लावली काय यायनं?’ चार तारा, एक बॅटरी, वर सौरपत्रा. डुक्कर तारेला नाक लावतं आणि पुन्हा येत नाही. आता त्या गावात वीज नसते, बॅटऱ्या अठ्ठावीस वर्षांत मेलेल्या असतात, हे त्याला समजावून पाहावं. तो ऐकून घेतो. मग म्हणतो, ‘सौरपत्रा तं असते ना.’ इथं नवशिक्यानं हार मानावी.

याच सिनेमात एक जात दाखवली आहे: जाडजूड, सुस्त, जमिनीवर सरपटणारे, गांडुळं खाऊन जगणारे संसर्गित. नागपूरच्या सिनेमाघरात सगळे ‘ई’ करतात. सेलू तालुक्यातला माणूस ‘ई’ करत नाही. आपल्याकडे गांडूळखताच्या पोत्याला पैसे मोजावे लागतात आणि हे लोक फुकट खाऊन राहिले, यावर त्याला राग येतो. राग हीसुद्धा दाद आहे, हे दिग्दर्शकाला कोणीतरी कळवायला हवं.

मात्र एका ठिकाणी हाच प्रेक्षक पूर्ण गप्प होतो. सिनेमातलं गाव इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या होली आयलंडवर आहे. बेट खरं आहे, आणि त्याला मुख्य भूमीशी जोडणारी वाटही खरी: ओहोटीला उघडी, भरतीला पाण्याखाली. बाप बारा वर्षांच्या पोराला घेऊन पलीकडे जातो, परतायला उशीर होतो, रात्र पडते, पाणी चढत असतं, आणि मागून एक धिप्पाड ‘अल्फा’ संसर्गित धावत येतो. समुद्र आपल्यापासून शेकडो कोस दूर. तरी इथं कोणी ‘झटका’ म्हणत नाही. कारण रपटा सगळ्यांना माहीत आहे. यशोदा, वेणा, धाम, बोर, कोणतीही नदी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये वरून पाणी गेलं की पलीकडचं गाव पलीकडे राहतं. दरवर्षी प्रशासन फलक लावतं, दरवर्षी कोणीतरी दुचाकी घालतं. त्यामुळे चढत्या पाण्यातून पळणारे बाप-लेक पाहताना मागच्या रांगेतून फक्त एवढंच ऐकू येतं: ‘मधातून चाल. कडेनं नको चालू, कडेले खड्डा असते.’ ती प्रतिक्रिया मी तरी सिनेमावरच्या कोणत्याही लेखापेक्षा वरची मानतो.

व्यवस्थेबद्दलच्या या नाराजीला २०२० सालानं अधिकार मिळवून दिला. त्या वर्षी मे महिना उजाडताना केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातले सहाच जिल्हे हिरवे होते, आणि वर्धा त्यातला एक. बाजूला नागपूर लाल. म्हणजे काही आठवडे आपण बेटच होतो. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या, बाजेवर पाळीनं बसलेली पोरं, हातात काठी, तोंडाला दुपट्टा, आणि पुण्याहून आलेल्या सख्ख्या भाच्याला ‘पयले शाळेत चौदा दिवस राह्य’ म्हणणारा मामा. झोंबीपटात लागतं ते सगळं होतं, फक्त झोंबी नव्हता. म्हणून ‘ट्वेंटी एट वीक्स लेटर’ आज पाहिला की लोक वेगळ्याच जागी उसळतात. लंडनच्या एका कोपऱ्यात सैन्यानं सुरक्षित वस्ती केलेली. तिथून दोन मुलं बाहेर सटकतात, कारण घरी जाऊन त्यांना आईचा फोटो आणायचा असतो. पुढे सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. २००७ मध्ये हे लेखकाचं जुळवाजुळवीचं काम वाटलं असेल. आता कोणीही शंका घेत नाही. नाक्यावर पोलीस असताना पांदणीनं गाडी काढून सासुरवाडीला गेलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा आहे, आणि त्याला फोटोइतकंही सबळ कारण नव्हतं.

‘झोंबिवली’ लागला तेव्हा तर सिनेमाघरांत निम्म्याच खुर्च्या भरायला परवानगी होती. मधली खुर्ची रिकामी, त्यामुळे दचकल्यावर धरायला हात नाही. मराठीतला पहिलाच झोंबीपट आणि आधाराला खुर्चीचा दांडा! त्यात बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातून रोग पसरतो, टॉवरवाले आणि वस्तीवाले आमनेसामने येतात. सिनेमा तरतरीत आहे, अमेय वाघ-ललित प्रभाकर जोडीत जोर आहे. इकडची प्रतिक्रिया तरी व्यवस्थेवरच: ‘बाटलीतलं पानी पेतात कायले?’ दुसरा भाग निघाला तर निर्मात्यांनी हा प्रश्न विचारात घ्यावा.

‘पेनिन्सुला’कडे वळू. ‘ट्रेन टू बुसान’वर वर्ध्याचा जीव आहे, कारण गाडी. एका बाजूनं मुंबई-हावडा, दुसरीकडून दिल्ली-चेन्नई, अशा फाट्यावर राहणाऱ्या लोकांना डब्यातली मारामारी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय त्यातला बाप शेवटी रडवतो, आणि झोंबीपटात रडू येणं हे लोकांना फसवणुकीसारखं पण गोड वाटलं. दुसऱ्या भागात गाडीच नाही. चार वर्षांनंतरचा उजाड कोरिया, मोटारींचा पाठलाग, आणि मोहीम कशासाठी? दोन कोटी डॉलर भरलेला ट्रक परत आणण्यासाठी. दिग्दर्शक तोच, येऑन सांग-हो, पण तिकडेही आणि इकडेही चेहरे पडले. जगभर तक्रार झाली ती संगणकावर रंगवलेल्या पाठलागाची. देवळीच्या एका कापूस व्यापाऱ्याची तक्रार निराळी होती. ‘चार वर्षं पडून राहिलेल्या नोटा चालतात काय पण?’ ज्या माणसानं २०१६ च्या नोव्हेंबरात बँकेपुढे रांग लावली आहे त्याला पडून राहिलेली रोकड पाहून लालूच सुटत नाही, घाम सुटतो. झोंबी आडवे आले नसते तरी त्याच्या लेखी मोहीम वायाच गेलेली होती.

इथून आपण अपरिहार्य वाक्यावर येतो: ‘पयलाच बरा होता.’

हे वाक्य म्हणायचंच आहे, फक्त कधी ते शिकावं लागतं. मध्यंतरात म्हटलं तर उतावळेपणा दिसतो. विदेशी सिनेमा मध्यंतरासाठी काढलेला नसतो. तो ऐन कुठेतरी तोडतात, एखाद्याचा पाय झोंबीच्या दातात असतो आणि पडद्यावर सरबताची जाहिरात येते. त्या वेळी फक्त ‘पाहू’ म्हणावं. बाहेर पडताना म्हणावं, तेही चप्पल सरकवत, सहज. आणि अर्थ ध्यानात ठेवावा. या वाक्याचा सिनेमाशी संबंध कमी, म्हणणाऱ्याच्या वयाशी जास्त. पहिला भाग पाहिला तेव्हा तो होस्टेलला होता, एका लॅपटॉपभोवती सात जण होते, मेस बंद होती. ते दुसऱ्या भागात कुठून आणणार? मी हे वाक्य खोटं मानत नाही, पण पुरावाही मानत नाही. रोमेरोचाच दुसरा भाग ‘डॉन ऑफ द डेड’, १९७८ चा, पेनसिल्व्हेनियातल्या खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये चित्रित केलेला. तो पहिल्यापेक्षा पसरट आहे, विनोदी आहे आणि माझ्या मते सरसही आहे. मेल्यावरही माणसं सवयीनं दुकानांच्या काचांवर येऊन आदळतात, हे त्यानं दाखवलं. पण हे पानठेल्यावर म्हणू नये. ‘पयलाच बरा होता’ला ‘नाही’ म्हणणारा माणूस परतीच्या गाडीत मागच्या सीटवर मधात बसतो.

विद्वान म्हणून बसायचं असेल तर दोन गोष्टी जवळ ठेवाव्यात. एक, ‘ट्वेंटी एट इयर्स लेटर’च्या झलकीत एक माणूस घशाच्या नसा ताणून कविता म्हणतो ती रुडयार्ड किपलिंगची ‘बूट्स’, आणि ते ध्वनिमुद्रण १९१५ चं. किपलिंग म्हणजे आपला मोगलीवाला, शेजारच्या शिवनीच्या जंगलाचा. ही माहिती फुकट देऊ नये, चहा सांगितला असेल तरच द्यावी. दुसरी, या सिनेमाचा बराच भाग आयफोननं टिपलेला आहे. ही मात्र अजिबातच देऊ नये. दिली की लगेच येतं, ‘फोनवर काढला तं तिकीट कायले, फोनवरच पाहू’, आणि पुढच्या वेळी वर्गणी जमत नाही.

गटात सेवाग्राम किंवा सावंगीचा वैद्यकीय विद्यार्थी असेल तर प्रतिक्रियेची सूत्रं त्याच्याकडे जातात. सेवाग्रामचा असेल तर अंगात खादी, पहिल्या वर्षी आश्रमात पंधरा दिवसांचं शिबिर केलेलं, चरखा फिरवलेला; रक्ताच्या चिळकांड्यांपुढे तो अगदी शांत बसतो. पण डॉक्टर केल्सन झालेला राल्फ फाइन्स अंगभर आयोडीन चोपडून लालपिवळा होऊन येतो तेव्हा त्याचा संयम सुटतो. ‘बीटाडीननं विषाणू लांब राहतो?’ मग संसर्गित बाई बाळंत होते आणि बाळ निरोगी निघतं. डॉक्टर वारेची किमया सांगून मोकळा होतो. यावर आमच्या विद्यार्थ्यानं जामठ्यापासून सेलूपर्यंत व्याख्यान दिलं. कोणत्या रोगात वार आडवी येते, कोणत्यात येत नाही, कावीळ, एचआयव्ही, सगळं. गाडीतल्या चौघांना त्या रात्री मिळालेलं हे सर्वांत भीतिदायक ज्ञान होतं, आणि ते तिकिटात धरलेलं नव्हतं.

घरी पोहोचायला रात्रीचा एक वाजतो. आजी जागी असते. दार तीच उघडते आणि विचारते, ‘काय होतं पिच्चरमंदी?’ नवशिक्या इथं हमखास अडकतो, म्हणून तयारी करून ठेवावी. ‘मेलेले लोक’ अशी सुरुवात करू नये, कारण ‘ट्वेंटी एट’ मालिकेतले मेलेले नाहीतच. त्यांना क्रोधाचा विषाणू झाला आहे. ते जिवंत आहेत, फक्त पिसाळलेत. हे नीट सांगितलं की आजी पदर सावरून खाटेवर बसते.

‘म्हंजे मेले नाही, बिमार हायत.’

‘हो.’

‘मंग सेवाग्रामले कायले नाही नेत?’

‘आजी, ते चावतात.’

‘कुत्रं चावे तं चौदा सुया घेत होतो आम्ही. पोटात. कोणी सोडून पयालं नाही.’

यावर देण्यासारखं उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात नाही. निर्मात्यांनाही ते उशिरा सुचलं. जानेवारी २०२६ च्या ‘द बोन टेम्पल’ या पुढच्या भागात, निया डाकोस्टाच्या दिग्दर्शनात, तोच आयोडीनवाला डॉक्टर एका धिप्पाड अल्फाला औषध देऊन शेजारी बसवतो आणि त्याच्या रोगावर इलाज शोधू पाहतो. हे आजीला सांगायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. सांगितलं तर ती एवढंच विचारते, ‘मंग तवाच कायले नाही नेलं? एका तिकिटाचे पैसे वाचले असते ना.’